छोटी गाडी, मोठी गाडी

नव्या रेल्वेमार्गाच्या मोजणीवरून थकून आलेला प्रशील पाचोऱ्याच्या बसस्टँडवर बसला होता. समोरच्या बाकावर दोघी येऊन टेकल्या, एक म्हातारी आणि एक तिशीची.

"नूतन, तुनी माय कशी शे?"

"बरी आहे, अक्का. पण माझ्याकडे येत नाही आता."

"का? रुसली का?"

"रुसते कसली! एस.टी.त बसली की नुसत्या उलट्या. पाणीही पोटात ठरत नाही."

"मंग आधी कशी यायची?"

"छोट्या रेल्वेगाडीनं. खिडकीशी बसायची अन् आमच्या वावराजवळ उतरायची. गाडी दारावरून जाते म्हणूनच तर मला तिथं दिली."

"ती तर कधीची बंद केली."

"रूळ रुंद करायला केली ना. मोठी गाडी येणार म्हणतात."

"येईल तव्हा येईल, बाई. नारळ तर किती वेळा फोडले."

"मी मायला तेच सांगते, जरा दम धर."

"मंग काय म्हणते?"

"फोनवर एकच विचारते, मोठी गाडी तुमच्या गावाला थांबेल का?"

"थांबेल ना! छोटी थांबायची, मोठीला काय झालं?"

"थांबा अक्का, या भाऊंच्या गळ्यात रेल्वेचं कार्ड दिसतंय. भाऊ, शेवगेवाडीला थांबेल ना हो?"

प्रशीलनं कार्ड शर्टाच्या खिशात सरकवलं.

"ताई, उलटीवर गोळी मिळते. एस.टी.त बसायच्या आधी घ्यायची. आईंना एकदा देऊन बघा."