पलीकडचा साबण

...आणि वर मलाच विचारतात, पांदेलिसभाऊ, हल्ली शनिवारी दुकान असं ओस का हो पडतं? आता हे विचारणारी कोण, तर पोलिक्सेनीबाई, जिला मी बावीस वर्षं चीज कापून देतोय, तेही कडेचा वाळका तुकडा बाजूला काढून! ओस का पडतं? अहो बाई, तुम्ही येत नाही म्हणून पडतं! पण असं गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणता येतं का? धंद्यात तोंड हसायला असतं, बोलायला नसतं. हे मला शाळेनं नाही शिकवलं, शाळा मी सहावीतच सोडली, हे मला गल्ल्यानं शिकवलं. म्हणून हसलो. आता मी कुणाला काय बोलणार?

तुम्हाला सांगतो, सिदिरोकास्त्रोसारख्या ग्रीसच्या सरहद्दीवरच्या गावात किराणा दुकानदाराला सगळ्यांच्या पोटाची खबर असते. कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या सुनेचं आणि चुलीचं जमत नाही, कुणाच्या म्हाताऱ्याला मीठ बंद झालंय... डॉक्टरला नंतर कळतं, मला आधी. आणि गेल्या वर्षभरात मला काय कळलं, तर गावानं खाणंच सोडलंय! आमचे थ्रासोस मास्तर घ्या. निवृत्त माणूस, आठवड्याला साठ युरोचा माल नेणार म्हणजे नेणार, आणि आता दोन लिंबं आणि एक काड्यापेटी घेऊन उभे! म्हटलं, मास्तर, एवढंच? तर म्हणे डॉक्टरनं पथ्य सांगितलंय. बरं, पथ्य तर पथ्य. पण पथ्यात कपडे धुवायचा साबणसुद्धा बंद होतो का हो? पोलिक्सेनीबाई म्हणतात, मुलं अथेन्सला गेली, आम्ही दोघं म्हातारी, आमचा खर्च तो किती, आठवड्याला तीस युरो म्हणजे डोक्यावरून पाणी. आणि नवरा बघा तिचा, दर महिन्याला पट्ट्याचं एक भोक पुढे सरकतोय. तीस युरोत?

मी आपला मनाची समजूत घालत होतो. महागाई आहे, विजेचं बिल आहे, लोक तरी काय करतील... पण रात्री पाठ टेकली की एकच गोष्ट डोक्यात. माझं दुकान शनिवारवर चालतं. सोम ते शुक्र मी नुसता भाड्याचे आणि दिव्याचे पैसे काढतो, घर चालतं ते शनिवारी. शनिवार गेला तर नाताळला शटर खाली, कायमचं.

आणि एक दिवस घरचा नळ गळायला लागला. मी ओट्याखाली डोकं घातलं, आणि समोर काय? कपड्यांच्या साबणाच्या पावडरीची पाच किलोची निळी पिशवी, आणि वर बल्गेरियन अक्षरं! माझ्या घरात! किराणा दुकानदाराच्या ओट्याखाली! न्हाव्याच्या बायकोनं दुसऱ्याकडे केस कापून यावेत, तसं झालं हो ते.

आता आमची ही, एव्हान्थिया, दर शनिवारी बहिणीबरोबर गरम पाण्याच्या कुंडावर जाते. गुडघ्यांसाठी. वर्ष झालं. टॉवेलाची घडी मी करून देतो, स्वतःच्या हातानं! कसलं कुंड आणि कसलं काय... दोघी बहिणीच्या गाडीतून सरळ सरहद्दीपलीकडे, बल्गेरियातल्या पेत्रिचला, आठवड्याचा बाजार करायला!

पिशवी धरून मी तिच्यापुढे उभा राहिलो. म्हटलं रडेल, निदान दचकेल. ती टोमॅटो चिरत होती, चिरतच राहिली.

"ही तू घाऊकवाल्याकडून कितीला आणतोस?"

"अकराला."

"आणि तिकडे मला दुकानात नऊला मिळते. तुझ्या फळीवरची घेतली असती, तर दोन युरोचा खड्डा आपल्यालाच. मी तो वाचवला, पांदेली. आभार मान."

बत्तीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस मी, आणि हिशेब तिचा बरोबर! तीनदा मांडला, तीनदा बरोबर आला. घरखर्च आठवड्याला ऐंशी युरोचा, ती सहासष्टात उरकते. आता मी कुणाला काय बोलणार?

पण मन ऐकेना. माझ्या घाऊक भावाच्या खाली एखादा किरकोळीत विकेलच कसा? डोळ्यांनी बघायचं ठरवलं. आणि पुढच्याच शनिवारी हिच्या गुडघ्यांनी खरोखर संप केला, देवाला न्याय असतो तो असा. तर हिनं माझ्या हातात यादी ठेवली. दुकान बंद केलं, टोपी भुवयांपर्यंत ओढली आणि निघालो. नाक्यावर आता कुणी थांबवतसुद्धा नाही, पैसेही तिकडे आपलेच चालतात. माणसाला लाज वाटून परत फिरायला एखादा अडथळा तरी ठेवायचा ना... तोही नाही.

दुकानात शिरतो तर पहिलेच कोण? थ्रासोस मास्तर! आणि त्या ढकलगाड्यात पथ्य बघा मास्तरांचं. डुकराचे सॉसेज, लोणी, कशाकवाल चीजचा हा एवढा गड्डा, आणि वर तीच निळी पिशवी. मी पटकन कॉफीच्या फळीकडे तोंड वळवलं. डावीकडून पोलिक्सेनीबाई आल्या, मागून पट्ट्याची भोकं सरकवणारे यजमान, दोघांचे दोन गाडे. तीस युरोवाले! आमची अर्धी गल्ली तिथे हो. आणि गंमत अशी की सगळे सगळ्यांना बघतात, पण कुणाला कुणी दिसत नाही. मास्तर माझ्या कोपराला कोपर लावून मसुराच्या पिशवीवरचं बल्गेरियन वाचत होते, आणि पिशवी उलटी धरलेली! काय म्हणू त्यांना? माझ्या बगलेतही साबण होताच. आता मी कुणाला काय बोलणार?

पैसे द्यायला गेलो. मालक स्टोइमेन, गोड माणूस, ग्रीक माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतो. विचारलं त्यानं, गाव कुठलं, काय करता आपण? गाव खरं सांगितलं. मी रेल्वेत होतो म्हणून सांगितलं. दुकानदार आहे असं सांगायला जीभ उचलेना. मग तो आपलं रडगाणं गाऊ लागला. म्हणे तुम्ही लोक येता, मेहरबानी, पण माझ्या गावचा एक माणूस इथे फिरकत नाही. तेल, संत्री, चीज, सगळं तुमच्याकडून आणतात. अहो, माझी स्वतःची बायको, आत्ता या घटकेला तीन शेजारणी घेऊन तुमच्या बाजूला गेलीय! त्याला मिठी मारावी असं वाटलं मला. एवढ्यात त्याचा फोन वाजला. बायकोच. तिकडून नुसता कडकडाट, आणि हा मला ओळीओळीला ग्रीक करून सांगतोय... सिदिरोकास्त्रोत पुलाजवळ हिरव्या शटरचं दुकान आहे, डोंगरातल्या गावांचं तेल मिळतं म्हणून कुणीतरी पाठवलं, चौघींना मिळून चाळीस लिटर हवं होतं, तर दुकान बंद! शटरवर काळ्या कडेचा कागद, शोकामुळे बंद म्हणून.

चाळीस लिटर! आठ युरो लिटर! तीनशे वीस युरो हो, माझ्या शटरला हात लावून परत चालले होते! आणि तो कागद, तुम्हाला सांगतो, मीच चिकटवला होता. आमच्या गावात शनिवारी दुकान बंद ठेवायला मयताशिवाय दुसरं कारण कोण मानतो? कोण गेलं ते तेवढं लिहिलं नव्हतं. लिहिणार कुणाचं नाव?

"मालकच गेला असणार बिचारा," स्टोइमेननं छातीवर क्रूसाची खूण केली. "तुमच्याच गावचा ना? माहितीतला होता?"

मी म्हटलं, "तोंडओळख होती."

पुढच्या शनिवारी सहाला शटर वर. पायरी धुतली, तेलाचे डबे पुढे मांडले, नवा सदरा घातला. दहा वाजले, बारा वाजले, रस्त्यावर कुत्रं नाही. संध्याकाळी ही आली पलीकडून, हातात दोन पिशव्या, गुडघे अगदी ठणठणीत. म्हणाली, त्या तेलवाल्या बायकांची वाट बघू नकोस, त्या आता सेरेस शहरातल्या मोठ्या दुकानात जातात. तू वारलास असं पेत्रिचभर झालंय.

"मग तू सांगितलं नाहीस त्या स्टोइमेनला, मी जिवंत आहे म्हणून?"

"सांगणारच होते. ते हिरवं शटर आमचंच, एवढं म्हणाले. तर त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला, डोळे पुसले, आणि दुकानदाराच्या विधवेला दहा टक्के सूट, कायमची, म्हणून मोकळा झाला. त्यावर मी काय तोंड उघडू, पांदेली?"

सहासष्टाचे आता साठाच्या आत आलेत. दर शनिवारी काळा रुमाल बांधून जाते. टॉवेलासारखी त्याचीही घडी मीच करून देतो. आता मी कुणाला काय बोलणार? मेलेल्यानं बोलायचं नसतं, आणि बोललो तर दहा टक्के जातील.