बाबांनी जिंकलेला कीबोर्ड

हे मी कुणालाच सांगायचं नव्हतं, त्यामुळे बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका.

माझ्यासाठी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्यायला आम्ही उल्हासनगरला गेलो होतो. रिक्षातच बाबांनी शिकवलं, "आवडला तरी तोंड वाकडं करायचं आणि उठून निघायचं. दुकानदार हाक मारतोच."

दुकानदार काकांनी कीबोर्ड उघडून माझ्यापुढे ठेवला. "बेटा, कुछ भी टाइप करो."

मला काही सुचेना. तो कशाला जोडलेला नसेल असं समजून मी मनात होतं तेच लिहिलं, 'खूप आवडलाय, पण तोंड वाकडं करायचंय. निघालो की हे हाक मारतील.' काका स्वतःच्या टॅबकडे बघून हसले, तेव्हा कळलं, माझं सगळं तिकडे उमटलं होतं.

इकडे बाबा म्हणाले, "छे! बटणं फार बारीक आहेत. चल गं."

आम्ही पायरीवर आलो. हाक नाही. बाबा बुटाची नाडी बांधायला वाकले. पायात सँडल होत्या. तरी हाक नाही.

मी "छत्री राहिली" म्हणत आत पळाले आणि टाइप केलं, 'काका, प्लीज, हाक मारा ना.'

"अरे साहब, आ जाओ! आपसे कौन जीतेगा?" काका ओरडले आणि मला ओठांवर बोट ठेवून दाखवलं.

तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा हा पराक्रम ऐकवतात.

"चिनू, बाहेर ये गं! मामांना सांग, कसं झक मारत बोलावलं त्याने!"

आले, बाबा! ए, मी तिथे मान हलवत असताना कुणी हसलं ना, तर मी पुन्हा कुठलंच गुपित सांगणार नाही!