न दुखणारा गुडघा

...नाही नाही, तुमची ऐकण्यात गफलत होतेय, गुडघा दुखतो ही रंभाजीची तक्रार नव्हतीच मुळी, दुखत नाही ही तक्रार! तुम्हाला सांगतो, अख्ख्या कोपरगाव तालुक्यात गुडघा दुखत नाही म्हणून तोंड पाडून बसलेला हा एकच माणूस, आणि बसलेला तरी कुठं, तर खुर्चीवर, कारण मांडी घालायला डॉक्टरनं मनाई केलेली.

आधी दुखायचा. आणि कसा दुखायचा? रंभाजीचं दुखणं एकट्या रंभाजीचं नव्हतंच, ते सगळ्या वस्तीचं होतं. बाजेवरून उठताना असा काही कण्हायचा की कालव्यापलीकडं राहणाऱ्या कानिफनाथाला कळायचं, रंभाजीतात्या उठले. मग बायको, भागिरथी, निरगुडीचा पाला गरम करणार, वीट तापवून शेक देणार, त्यासाठी खाली बसणार, उठणार, पुन्हा बसणार, आणि मधल्या वेळात पेरूच्या बागेला घागरीनं पाणी घालणार, कारण ते दुष्काळाचं साल, कालवा कोरडा, निम्मं गाव सरकारी कामावर खडी फोडायला. तिला कुणी विचारलं का, की बाई, तुझे गुडघे कसे आहेत? नाही विचारलं. ती कण्हत नव्हती ना. न कण्हणाऱ्या माणसाला काय म्हणून विचारायचं? यात रंभाजीची काय चूक, सांगा तुम्ही.

तर मुलगा गोरक्षनाथ मुंबईला गोदीत कामाला, त्यानं बातमी आणली की एका मोठ्या इस्पितळात विलायतेहून शिकून आलेला डॉक्टर आहे, तो झिजलेला सांधा काढून टाकतो आणि तिथं लोखंडी बिजागरी बसवतो. बिजागरी, दाराला असते तशी. झालं, निघाले. रंभाजी पुढं, मुलाच्या खांद्यावर हात टाकून, कण्हत. भागिरथी मागं, वळकटी डोक्यावर घेऊन, गप.

डॉक्टरनं रंभाजीचा गुडघा पाहिला, हाडाचा फोटो पाहिला, म्हणाला, "हाडावर हाड घासतंय, करावं लागेल." पण तुम्हाला सांगतो, ह्या शिकलेल्या लोकांची नजर फार वाईट, भलतीकडं जाते. तो बघत होता भागिरथीकडं. ती वळकटी ठेवायला वाकली, भिंतीला धरून उठली. तो म्हणाला, "आजी, इकडं या जरा." तिला बाकावर बसवलं, गुडघे दाबले, वाकवले, तिचाही फोटो काढायला लावला, आणि मग चष्मा काढून म्हणाला, "आजोबा, यांचे गुडघे तुमच्यापेक्षा वाईट आहेत. आणि सांधा माझ्याकडं सध्या एकच आहे. परदेशातून येतो, पुढचा कधी येईल ते सांगता येत नाही. तुम्ही दोघं ठरवा."

भागिरथी म्हणाली, "ह्यांचं करा. माझं काय, चालतंय की."

आता बघा. रंभाजीच्या मनात आलं. अगदी आलं, खोटं कशाला बोलू? 'हिचं करा' हे शब्द पोटातून निघाले, छातीपर्यंत आले, गळ्यापर्यंत आले... आणि तोंडातून काय बाहेर पडावं?

"डॉक्टर, आप्रेशन कदी?"

शब्दच ते, ऐनवेळी बदलतात कधीकधी. यात रंभाजीची काय चूक?

झालं ऑपरेशन. घरी आला, काठी घेऊन हिंडायला लागला, पुढं काठीही सुटली. खडीच्या कामावरून येता येता लोक गुडघा बघायला थांबायचे. छबूबाई म्हणायची, "तात्या, पावसात गंजायचा न्हाई ना?" कानिफनाथ म्हणायचा, "गंजायला पाऊस तर पडू दे. पर तेल कुठनं घालत्यात वो?" सगळे हसायचे. रंभाजीही हसायचा. कण्हणं बंद, घर कसं शांत.

आणि तिथंच घात झाला. घर शांत झालं, आणि त्याला ऐकू आलं. कट्. भागिरथी चुलीपुढून उठली. कट्, कट्. उंबरा ओलांडला. इतकी वर्षं तिच्या गुडघ्यांचा हा आवाज घरात होता, पण ह्याच्या कण्हण्याखाली कुणाला ऐकू जाणार? आता दिवसभर तेच. पाणी मागावं तर कट्. म्हणून त्यानं पाणी मागायचं सोडलं, तर ती म्हणते, "रागावलाय व्हय माज्यावर?" आणि समजूत घालायला जवळ येऊन बसते. कट्.

मग ह्या शहाण्यानं काय करावं? लंगडायला लागला. खोटंच. चांगला गुडघा घेऊन हिच्यापुढं मिरवायचं कसं, म्हणून घरात लंगडायचा, कण्हायचा. तर तिनं पुन्हा वीट तापवली! लोखंडाला शेक देत बसली बिचारी, खाली बसते, उठते, पुन्हा बसते... सोडलं त्यानं लंगडणं. घागर घेऊन बागेला पाणी घालायला निघाला, तर बांधावरून कानिफनाथ ओरडला, "काकू, तात्याला कामाला लावलं का?" आणि तिनं लाजून घागर हिसकावून घेतली. माणसानं करावं तरी काय?

शेवटी एक दिवस पेरूखाली ती पेरू वेचून पाटी भरत होती, तेव्हा हा उभ्या उभ्या म्हणाला, "भागिरथी, मला तवा बोलायचं हुतं. तुजं करा म्हनून."

"ठावं हाय," ती म्हणाली. "मी तुमच्या तोंडाकडंच बगत हुते."

ह्याला जरा बरं वाटलं. ह्यानं मनाची समजूत घालून ठेवलेली होती ना, की मी बोललो असतो तरी ही नकोच म्हणाली असती. तेच तो बोलून गेला. "पर तू काय ऐकली नसतीस."

तिनं पाटीवर पाला झाकला. "तुमी म्हनला असता, तर मी व्हय म्हनले असते."

इथं मी तुम्हाला काही विचारत नाही. चूक कुणाची, तेही नाही.

दुसऱ्याच दिवशी तो तिला घेऊन मुंबईला गेला. डॉक्टरनं सांगितलं, सांधा अजून आलेला नाही, आला की पहिला यांनाच, पण थांबावं लागेल. आणि रंभाजीचा गुडघा वाकवून बघून खूश झाला. "फारच छान बसलाय."

परतीच्या गाडीला ही गर्दी. डब्यात एका बाईनं सरकून घेतलं, एका माणसापुरती जागा झाली. रंभाजी म्हणाला, "बस." आणि भागिरथी, जन्मात पहिल्यांदा, 'नको, तुमी बसा' न म्हणता बसली. पाय लांब केले, खिडकीबाहेर बघायला लागली.

तो उभा. कल्याण गेलं, कसारा गेलं, घाट चढला, नाशिक गेलं, हा कडी धरून उभा. वाट बघतोय, आता दुखेल, मग दुखेल, एवढं उभं राहिल्यावर तरी दुखावं की नाही माणसाचं?

मनमाड आलं. तुम्हाला सांगतो... जरासुद्धा नाही.