गिअरबॉक्सला लागलेली सवय

गॅरेजच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. मेकॅनिक त्यांची जुनी ऑटोमॅटिक गाडी फिरवून आला, तसं नवऱ्यानं त्याला सांगितलं,

"ही विकावी म्हणतो मी. गिअर बदलताना धक्के देते."

"यांनाच देते. माझ्या हाती गरीब गाय असते. साठीला शिकले मी, आता कुठे एकटी फिरते, तर म्हणे विका."

"रोज काकूच चालवतात?"

"हो, मीच."

"मग बिघाड नाही, काका. हा गिअरबॉक्स चालवणाऱ्याच्या पायाची सवय लावून घेतो. याला काकूंची लागलीय. पुसून टाकू? मग तुम्ही नव्यानं शिकवा."

"चला, घरात कुणीतरी माझं ऐकायला लागलं होतं."

"पुसू ना, काका?"

"नको. चावी हिलाच द्या. मी शेजारी बसतो."

"बसा," काकूंनी चावी घेतली. "पण तुमच्या बाजूला ब्रेक नाही, उगाच पाय आपटू नका."