कुलसुमची गाडी

(शारजातला जुन्या गाड्यांचा बाजार. रत्नागिरीकडचा अन्वर आणि त्याची बायको कुलसुम. गाड्या विकणारा वसईचा केनेथ.)

कुलसुम: नाही म्हणजे नाही! ही गाडी आहे की गलबत? तोंड इथे आणि शेपूट पलीकडच्या गावात, अजमानला.

अन्वर: अगो, अमेरिकन आहे ती. व्ही-एट इंजिन! पत्रा बघ, हाताने वाजवून बघ.

कुलसुम: मला वाजवायची नाहीये, चालवायचीये. केनेथ, ती पांढरी छोटी दाखव रे. जपानी.

केनेथ: दाखवतो आंटी. एकदम क्लीन आहे, सिंगल ओनर.

अन्वर: थांब रे! तीस वर्षं अमेरिकन गाड्यांच्या पार्ट्सच्या काउंटरला उभा होतो मी. दुनियेला गाडी त्या लोकांनी दिली. आधी एक गाडी जोडायला बारा-बारा तास लागायचे. मग फोर्डने काय केलं? माणूस जागच्या जागी उभा, गाडीच त्याच्यासमोर सरकत जाते. दीड तासात तयार!

कुलसुम: आणि आपण सकाळपासून उभे आहोत, पण काही पुढे सरकत नाही.

केनेथ: अंकल, करक चहा मागवू?

अन्वर: मागव. आणि पन्नासच्या दशकात तर काय रुबाब! मागे पंख काढलेले, जिकडेतिकडे क्रोम. दरवर्षी नवीन मॉडेल, आधीपेक्षा लांब.

कुलसुम: मग? पुढचं सांगा की. जेवताना रोज इथवर येता आणि पुढचं गाळता.

अन्वर: पुढे त्र्याहत्तरला अरबांनी तेल अडवलं, त्यामुळे जरा...

कुलसुम: जरा? पंपावर रांगा लागल्या. लोक म्हणाले, आम्हाला छोटी गाडी द्या. तुमचे साहेबलोक लांब गाड्याच दाखवत बसले. तोवर जपान्यांनी दुकान मांडलं. बरोबर?

अन्वर: ...तुला कुणी सांगितलं हे?

कुलसुम: तुम्हीच. लग्न झाल्यापासून ऐकतेय. कान किटले माझे.

केनेथ: आंटी, फुल मार्क्स!

अन्वर: तू गप रे, हबीबी.

कुलसुम: त्याला कशाला दटावता? लायसन्स माझं आहे. परत परत नापास होऊन काढलंय. आपली लेक नबिला तिकडे उम्म अल कुवैनला एकटी, बाळ अजून मान धरत नाही, जावई शिफ्टला. तिचा फोन आला की मी विचारायचं, अहो, नेता का? तुम्ही म्हणायचं, इन्शाल्ला, शुक्रवारी. परवा रडत होती पोर. आणि तिची आई शुक्रवारची वाट बघत बसलेली.

अन्वर: नेलं नाही असं झालंय कधी?

कुलसुम: नेलंत. तुमच्या सवडीने.

अन्वर: आता सवडच सवड आहे. काउंटरवर कॉम्प्युटर आला. मला म्हणाले, खलास अंकल, आराम करा. तुझी ने-आण, एवढंच तर काम उरलंय मला.

कुलसुम: हे बोलायचं होतंत ना सरळ! मधे ती व्ही-एट कशाला आणलीत?

अन्वर: ती तुला झेपणार नाही, म्हणून.

कुलसुम: काय?

अन्वर: म्हटलं, दोन दिवस चालवेल, कंटाळेल. मग चावी माझ्याकडेच येईल.

कुलसुम: या अल्ला! असा माणूस!

केनेथ: आंटी... ही छोटीची चावी. टेस्ट ड्राइव्ह घ्या ना. त्या राउंडअबाउटपर्यंत.

कुलसुम: दे इकडे. बघता काय, यल्ला! त्या बाजूने बसा.

अन्वर: मी? आता मी कशाला?

कुलसुम: बसा म्हटलं ना. बेल्ट लावा.

केनेथ: हळू आंटी! डावीकडे खांब आहे!

कुलसुम: दिसतोय रे मला!

अन्वर: इंडिकेटर दे.

कुलसुम: दिलाय.

अन्वर: हां. दिलायस.

कुलसुम: राउंडअबाउट मागेच राहिला का हो? आपण मोठ्या रस्त्याला लागलो बहुतेक.

अन्वर: लागलो.

कुलसुम: केनेथ बोंबलत असेल. पुढून वळवू या.

अन्वर: वळव.

कुलसुम: गप्प का बसलात एवढे?

अन्वर: कान किटले म्हणालीस.

कुलसुम: बोला. काहीही बोला. हवं तर फोर्डपासून सुरू करा.