कुणाला विचारलं, त्याचं नाव

सुमनताई, वैशालीचे नातेवाईक, थेरगावचे शेजारी आणि कंपनीतल्या मित्रांनो,

कामाचा दिवस असूनही वैशालीच्या शोकसभेला तुम्ही सगळे आलात. चाकणहून आलेले बरेचजण मागे उभे आहेत. त्यांनी पुढे यावं, सतरंजीवर जागा आहे.

मी अरुण. वैशालीच्या टीमसाठी माहितीपुस्तिका लिहितो. त्याआधी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होतो. सांगितलेल्या वेळेत मजकूर देणं, एवढंच मला येतं. आजचा मजकूर मात्र झाला नाही. कागद खिशात आहे, पण त्यावर जे लिहिलंय ते वाचवत नाही. म्हणून असाच बोलतो. मध्येच थांबलो तर सांभाळून घ्या.

परवा घरी गेलो होतो तेव्हा सुमनताईंनी मला विचारलं, "भाऊ, तुम्ही तिच्यासंगं काम करायचे. सांगा मला, माझी लेक नेमकं काय करायली होती? केमो घेऊन यायची, उलट्या व्हायच्या, अन् तोंड धुवून पुन्हा लॅपटॉप उघडायची. मी म्हणायचे, बाई, माझ्यापाशी बस जरा. बसते गं, एवढं होऊ दे, म्हणायची. काय होतं त्यात एवढं?"

आज सांगतो. ताई, मी तुमच्याशीच बोलणार आहे. कंपनीतल्यांना हे सगळं माहीत आहे. त्यांनी पुन्हा ऐकावं.

आमची कंपनी गाड्यांच्या आत बसणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, बनवते. बॅटरी किती तापली, वेग किती आहे, हे गाडीला कळतं ते त्या पाटीमुळे. पाटीला हे समजावं म्हणून कोड लिहावा लागतो. कुठला सेन्सर कुठली संख्या पाठवतो आणि त्या संख्येचा अर्थ काय, याची एक लांबलचक शीट असते. पूर्वी आमची मुलं ती शीट समोर ठेवून ओळीमागून ओळ कोड टाइप करायची. शीट बदलली की पुन्हा टाइप करायचं. डोळे थकायचे आणि चुका व्हायच्या.

मग सगळा कोड एकत्र जोडून त्यातून चालणारी वस्तू तयार होते. त्याला आम्ही बिल्ड म्हणतो. वैशालीने त्या बिल्डच्या साधनाला एक जोड लिहिली. प्लगइन म्हणतात त्याला. ते शीट वाचतं आणि कोड स्वतःच लिहितं. ताई, तुमचे मालक भोसरीला प्रेस शॉपमध्ये होते. डाय, म्हणजे पार्टचा साचा, काय असते ते तुम्हाला माहीत आहे. एक डाय नीट बनवली की तिच्यातून हवे तेवढे पार्ट निघतात. तुमच्या लेकीने पार्ट नाही बनवला. डाय बनवली.

पण एवढंच असतं तर ते काम केव्हाच संपलं असतं.

शीटमधली एखादी चौकट कधीकधी रिकामी असते. संख्या आहे, पण ती पूर्ण अंशात की अंशाच्या दहाव्या भागात, हे कुणी लिहिलेलंच नसतं. अशा वेळी तिचं प्लगइन थांबायचं. बिल्ड होऊच द्यायचं नाही. सगळे वैतागायचे. आमचा नितीन तिच्या टेबलाशी जायचा. नितीन इथेच बसलाय, त्याला विचारूनच सांगतोय.

"मॅडम, एक बायपास द्या की राव. उद्या डिलिव्हरी हाय."

"न्हाई मिळणार," ती त्याच्याच बोलीत म्हणायची. "तू सासरवाडीला पहिल्यांदा गेलास तेव्हा पत्ता विचारलास, की अंदाजाने कुणाच्याही घरात शिरलास?"

"अंदाजानंच शिरलो. म्हणून तर फसलो."

सगळं ऑफिस हसायचं. ती पण हसायची. बायपास मात्र द्यायची नाही.

एकदा नितीनने घाईत रिकाम्या चौकटीत वरच्या ओळीतलंच उतरवलं. चौकट भरली, प्लगइन गप्प बसलं, बिल्ड झालं. पुढे टेस्टिंगच्या टेबलावर बॅटरी हाताला चटका देत होती आणि पडदा सांगत होता, थंड आहे. गाडी अजून बनायची होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. आम्हाला वाटलं, आता ही चिडणार. ती चिडली नाही. नितीनला समोर बसवून तिने वडिलांची गोष्ट सांगितली.

पत्रा दाबणाऱ्या त्या प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही दाबली तरच प्रेस खाली येते. कारण सोपं आहे, दोन्ही हात बटणांवर असले की प्रेसखाली बोट राहत नाही. पण त्याने काम हळू होतं. मग शॉपमधली माणसं एक बटण रबराने बांधून ठेवतात आणि एकाच हाताने मशीन चालवतात. तिचे वडील ड्यूटीवर आले तेव्हा बटण आधीच्या शिफ्टमधल्या कुणीतरी बांधून ठेवलं होतं. त्यांची दोन बोटं गेली. बटण कुणी बांधलं, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

ती नितीनला म्हणाली, "बांधणारा वाईट नव्हता रे. त्याला घरी जायचं होतं. फक्त तिथे त्याचं नाव नव्हतं."

ताई, त्याच आठवड्यात तिच्या आजाराचं निदान झालं. तुम्ही तिला जवळ बस म्हणत होतात तेव्हा ती काय करत होती, ते हे. तिने शीटमध्ये एक नवीन चौकट आणली. ही माहिती कुणाला विचारून लिहिली, त्याचं नाव. त्या माणसाने अजून होकार दिला नसेल, तर प्लगइन बिल्ड थांबवतं आणि पडद्यावर साध्या मराठीत सांगतं, अमुक माणसाला जाऊन विचारा. हे मराठी ती माझ्याकडून तपासून घ्यायची. मी लिहिलं होतं, "संबंधितांशी संपर्क साधावा." ती म्हणाली, "सर, हे वाचून कुणी खुर्चीवरून उठेल का?" आणि तिने लिहिलं, "उठा आणि विचारा."

ती गेली त्यानंतरच्या सोमवारी नितीनने बिल्ड लावलं. ते थांबलं. तिने भरायला घेतलेली एक ओळ अर्धी राहिली होती. पडद्यावर आलं, या ओळीबद्दल वैशाली यांना विचारा. उठा आणि विचारा.

नितीन उठला. सवयीने उठला. तिच्या टेबलापर्यंत गेला आणि तिथे उभा राहिला. आम्ही सगळे बघत होतो.

त्या दिवशी तो बायपास करू शकला असता. प्लगइनचा कोड आता त्याच्याच हातात आहे, तिनेच त्याला शिकवलाय. तो गाडी काढून चाकणच्या प्लांटला गेला. सेन्सर बसवणाऱ्या माणसाला शोधलं, त्याच्यासमोर मोजमाप घेतलं, परत आला. आता त्या चौकटीत तिच्या नावाच्या जागी दुसरं नाव लिहायचं होतं. त्याच्याने तिचं नाव पुसवेना. मग त्याने पुसलं आणि त्या माणसाचं नाव लिहिलं. बिल्ड झालं.

ताई, तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर एवढंच आहे. आपण नसताना कुणी अंदाजाने काम करू नये, याची ती व्यवस्था करत होती. पुढे कुणीतरी अशा एखाद्या गाडीत बसेल. काही वाईट होणार नाही, आणि का झालं नाही हे त्याला कधी कळणारही नाही.

पण तुमच्या वाट्याच्या दुपारी त्यात गेल्या. त्याची भरपाई या उत्तराने होते का? नाही होत. मला खोटं बोलता येणार नाही. ती "एवढं होऊ दे" म्हणाली. ते झालं, आणि बसायला ती उरली नाही.

वैशाली, तुला आम्हा सगळ्यांचा नमस्कार.

आता कुणी बोलू नये. सुमनताई, तुम्ही उठू नका. मंडळी, श्रद्धांजलीच्या दोन मिनिटांसाठी आज घड्याळ लावायचं नाही. आपण सगळे ताईंपाशी बसून राहू. त्या मान वर करतील, तेव्हाच उठू.