नकाशावरचा खडक

त्या दिवशी वारा साफ पडला होता आणि घिवलीत उकाड्याने जीव नकोसा झाला होता. म्युझियमसाठी मासेमारीचा नकाशा बनवणारी पोरगी माझ्या ओट्यावर येऊन म्हणाली, "आजोबा, तुम्हाला घोळ मासा जिथे मिळतो, तिथे मोबाईलवर बोट टेकवा."

"हे बघणार कोन?"

"कुणीही. चुकलं असेल तर दुरुस्तही करेल. सगळ्यांसाठी मोकळं आहे."

आता बघा, समुद्रातला माझा घोळीचा खडक मी पोटच्या पोरालाही दाखवला नाय. मी बोट भलतीकडेच टेकवलं आणि निवांत झालो.

आठवड्याने शेजारचा पांडू मोबाईल नाचवत आला. म्हणाला, "तात्या, म्हातारपणी हात हलतोच मानसाचा. तुजा ठिपका चुकला व्हता, मी तुज्या खडकावर नेऊन ठेवलाय."